कमरेची उसण आणि तालमीचा हात

'उसण भरली' म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. बादली उचलायला वाकावे आणि पुन्हा सरळच होता येऊ नये; शिंक आली तरी कमरेत खिळा ठोकल्यासारखे व्हावे; कूस बदलायची तर घरातल्या दोघांना हाक मारावी लागावी. अशा वेळी आमच्या निफाड तालुक्यातल्या गावात पहिला निरोप डॉक्टरांकडे जात नाही. तो जातो पायाळू माणसाकडे. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. त्याने दुखणेकऱ्याच्या कमरेला पाय लावला की उसण उतरते, ही समजूत महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी आहे. (याच पायाळूला जमिनीत पुरलेले धन दिसते असेही म्हणतात. आमच्या गावचा पायाळू मात्र जन्मभर दुसऱ्याच्या मळ्यात कांदे काढत राहिला.)

या समजुतीला हसण्याचा माझा विचार नाही. गेली तीन वर्षे मी जुन्या नाशकातील एका तालमीत जातो. कुस्तीत नाव काढावे असे अंग मला देवाने दिलेले नाही; ते वस्तादांच्या पहिल्याच महिन्यात लक्षात आले आणि त्यांनी मला मालिशीला बसवले. तेव्हापासून पुष्कळ कमरा माझ्या हाताखालून गेल्या. त्या हातांना जे कळले ते शरीरशास्त्राच्या पुस्तकांशी ताडून पाहावे, अशी इच्छा होती. मी कला शाखेचा विद्यार्थी आहे, वैद्यकाचा नव्हे. म्हणून जेथे माझा अधिकार संपतो तेथे तसे स्पष्ट लिहीन. या हातांनी एकदा माझ्याकडून एक मोठी चूक झाली. तीही सांगणार आहे, किंबहुना तिच्यासाठीच हा लेख.

प्रथम परंपरेविषयी थोडे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील ग्रंथात मल्लांचा आहार, सराव आणि कुस्ती यांचे वर्णन आहे. पुढे पेशवाईच्या अखेरीस, दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाचे पुनरुज्जीवन केले. त्यांना ही विद्या आपल्या सप्तशृंगगडावर स्फुरली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, मल्लखांबाच्या लाकडाला एरंडेल चोळल्याशिवाय उडी पडत नाही आणि पैलवानाच्या अंगाला तेल चोळल्याशिवाय त्याचा दिवस संपत नाही, हे आजही खरे आहे. यशवंत व्यायामशाळेचे नाव नाशिककरांना नव्याने सांगायला नको. घरातही मालिश आहेच: दिवाळीचे अभ्यंग आहे, बाळंतिणीची कंबर चोळायला येणारी बाई आहे, आणि संध्याकाळी पालथे पडून नातवाला 'पाठीवर पाय दे रे' म्हणणारे आजोबा आहेत.

वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'तील दिनचर्येच्या अध्यायात व्यायामानंतर सर्वांगाचे मर्दन करावे असे सांगितले आहे. आणि ते कसे करावे, यासाठी एकच शब्द वापरला आहे: 'अनुसुख'. म्हणजे ज्याचे अंग चोळायचे त्याला सुख वाटेल तितके आणि तसे. संस्कृतच्या तासाला हा शब्द कानावरून गेला असता तर मी तो विसरलो असतो. पण तालमीतून नुकताच मार खाऊन आलो होतो. म्हणजे असे, की एका पैलवानाची कंबर मी सर्व बळ लावून रगडत होतो, आणि वस्ताद मागून म्हणाले, "लेका, कणीक मळतोस का? थांब की जरा." आणि पाठीत एक चापट. वाग्भट आणि वस्ताद एकच गोष्ट सांगत होते. ती समजायला मला कमरेची रचना वाचावी लागली.

आपण 'कंबर दुखते' म्हणून जेथे हात ठेवतो तेथे कातडीखाली लगेच लागतात ते पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंचे लांब, दोरखंडासारखे स्नायू. हे वरचे. हाताला सहज सापडतात, म्हणून सगळे त्यांनाच चोळतात. पुष्कळदा कंबर धरून ठेवणारे स्नायू मात्र यांच्याखाली, बाजूला, किंवा चक्क पोटाच्या बाजूने असतात. तीन नावे ध्यानात ठेवली म्हणजे पुरे. पहिला क्वाड्रेटस लम्बोरम: शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची कड यांच्यामधला चौकोनी स्नायू. एका खांद्यावर पाण्याची कळशी घेऊन चालताना विरुद्ध बाजूला जो ताठ होतो तो हा. दुसरा पिरिफॉर्मिस: माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडापासून मांडीच्या हाडाच्या माथ्यापर्यंत नितंबाच्या आत खोल आडवा जाणारा. करंगळीएवढ्या जाडीची सायटिक नस बहुतेक माणसांत याच्या खालच्या कडेने बाहेर पडते, हे लक्षात असू द्या. पुढे उपयोगी पडेल. तिसरा सोॲस. याची कथा वेगळी.

सोॲस मणक्यांच्या पुढच्या बाजूस आहे, पाठीच्या नव्हे. छातीचा शेवटचा मणका आणि कमरेचे पाचही मणके यांच्या कडेने तो सुरू होतो, ओटीपोटातून खाली उतरतो, कमरेच्या हाडाच्या आतून येणाऱ्या इलिॲकस नावाच्या स्नायूला जांघेजवळ मिळतो आणि मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूच्या लहानशा उंचवट्यावर संपतो. धड आणि पाय यांना थेट जोडणारा हाच. मांडी पोटाकडे उचलतो तो मुख्यतः हा. बकऱ्याच्या मांसात मणक्यालगत आतल्या बाजूने जो लांबट, अगदी मऊ भाग निघतो तो याचाच जातभाई. आपण बाकावर बसतो तेव्हा हा स्नायू आखूड अवस्थेत असतो. दिवसाचे आठ तास बसून एकदम उभे राहिले की कमरेला पुढून ओढ बसल्यासारखे कित्येकांना वाटते. त्यात याचा वाटा असू शकतो. सगळे खापर मात्र याच्यावरच फोडण्याची हल्लीची मोबाइलवरच्या चित्रफितींतली चाल मला पटत नाही.

आता प्रश्न असा, की आतड्यांच्या मागे, मूत्रपिंडाच्या शेजारी, महाधमनीच्या बाजूला असलेल्या या स्नायूपर्यंत हात पोचणार कसा? काही मालिशवाले बेंबीच्या बाजूने बोटे पोटात खुपसतात. कुशल फिजिओथेरपिस्ट श्वासाबरोबर हळूहळू तेथवर जातात, हे खरे. आपण जाऊ नये. या स्नायूच्या मांसातूनच मांडीकडे जाणाऱ्या नसांचे जाळे जाते. शिवाय आपल्या देशात एक कारण अधिक आहे. मणक्याचा क्षयरोग झाला तर त्याचा पू याच स्नायूच्या आवरणातून खाली घसरत जांघेत गाठ होऊन दिसू शकतो. ताप नसलेली, न दुखणारी ती गाठ 'आखडलेली शीर' समजून चोळणारा किती अनर्थ करील, याची कल्पना करावी.

सोॲसला हात न लावता सैल करता येते, आणि त्याचा उपाय तालमीत माझ्या आधीपासून होता. दमलेला पैलवान हौदाबाहेर उताणा पडतो आणि पोटऱ्या ओट्यावर टाकतो. खुबा आणि गुडघा दोन्ही काटकोनात. पायाचे ओझे ओट्यावर, कंबर जमिनीला टेकलेली. दहा-पंधरा मिनिटे असे पडले की मांडी उचलणाऱ्या स्नायूला काही कामच उरत नाही. घरी ओट्याऐवजी खाट किंवा खुर्ची चालते. ताण पाहायचा असेल तर एकोणिसाव्या शतकातील ह्यू ओवेन थॉमस या हाडवैद्याच्या नावाने ओळखली जाणारी साधी परीक्षा आहे. पलंगाच्या अगदी कडेला, पाय खाली लोंबतील असे उताणे पडायचे आणि एक गुडघा छातीशी कवटाळायचा. दुसरी मांडी पलंगाला टेकलेली राहिली तर ठीक. ती आपोआप वर उचलली गेली तर त्या बाजूचे पुढचे स्नायू आखूड आहेत. मग त्या मांडीवर हात ठेवायचा, पडलेल्या माणसाने पाच-सहा सेकंद हाताविरुद्ध मांडी हलकेच वर दाबायची, आणि श्वास सोडत सैल सोडायची. मांडी दोन बोटे खाली जाते. पुन्हा तसेच. तीन-चार वेळा पुरे. येथे चोळणाऱ्याचे बळ जवळजवळ शून्य लागते.

पाठीच्या बाजूचे काम हाताचे. माणसाला पालथे निजवावे. पोटाखाली उशी द्यावी, म्हणजे कमरेचा बाक भरून निघतो. तिळाचे तेल कोमट करावे. पहिली पाच मिनिटे उघडा तळवा फक्त वरखाली फिरवावा. वस्ताद याला 'ओळख करून घेणे' म्हणतात. नंतर तळव्याचा टाचेकडचा भाग कण्यापासून दोन बोटे अंतर सोडून खालून वर न्यावा. मणक्यांच्या हाडांवर दाब द्यायचाच नाही. क्वाड्रेटससाठी माणसाला कुशीवर घ्यावे, वरचा हात डोक्याकडे लांब करावा; बरगडी आणि कमरेचे हाड यांच्यातली जागा उघडते. तेथे दोन्ही अंगठे कमरेच्या हाडाच्या कडेशी ठेवून कण्याच्या दिशेने हळूच टेकवावे. वर बरगडीकडे दाबू नये, तेथे आत मूत्रपिंड आहे.

नितंबाचे स्नायू जाड असतात. तेथे कोपराचे टोक चालवण्याचा मोह होतो. त्याऐवजी कोपराच्या पुढचा चपटा हात वापरावा. माकडहाडाच्या वरचा भाग आणि खुब्याचा बाहेरचा उंचवटा यांच्या मधोमध हात टेकवून थांबावे. गुडघा काटकोनात वाकवून दुसऱ्या हाताने पाऊल धरावे आणि ते गाडीच्या वायपरसारखे सावकाश आत-बाहेर झुलवावे. म्हणजे खालचा पिरिफॉर्मिस हाताखाली स्वतःच ताणला आणि सैल होत जातो. अर्धा मिनिट, एक मिनिट. खूण काय? माणसाचा श्वास लांबतो, आवळलेली मूठ उघडते. तो दात खाऊ लागला किंवा पायात मुंग्या आल्या म्हणाला, तर हात तत्काळ काढावा. आपण स्नायूवर नसून नसेवर आहोत.

वस्तादांच्या 'थांब की जरा'चे मर्म येथे आहे. आपली समजूत अशी, की आत गाठ असते आणि ती बळाने फोडायची असते. मांसपेशींवरची जाड आवरणे हाताच्या बळाने कितपत ताणली जातात याचे गणित २००८ साली काही संशोधकांनी मांडले. मांडीच्या बाहेरचे आणि तळपायाचे आवरण जरासे बदलायलाही माणसाच्या हाताच्या आवाक्याबाहेरचे बळ लागेल, असे त्यात निघाले. मग सैल होते ते काय? आजचे उत्तर असे, की मज्जासंस्थेने स्नायूवर ठेवलेला पहारा सैल होतो. सावकाश, न दुखवणारा दाब मिळाला की ती पहारा काढते. दुखवणारा मिळाला की आणखी आवळते. ज्याला आपण 'गाठ मोडली' म्हणतो तो बहुधा हा बदल असतो, आणि म्हणूनच तो काही तासांनी किंवा दिवसांनी परतही येतो. अमेरिकेतील डॉ. जॅनेट ट्रॅव्हल यांनी स्नायूंतील दुखऱ्या ठिकाणांचे नकाशे काढले. प्रेसिडेंट केनेडींच्या पाठीवर त्यांनी उपचार केले होते. डेव्हिड सायमन्स यांच्यासह लिहिलेला त्यांचा ग्रंथ १९८३ साली निघाला. त्या ठिकाणी नेमके काय असते यावर तज्ज्ञांचे अजून एकमत नाही.

पायाळूचे रहस्यही मला येथेच दिसते. साधी उसण पुष्कळदा थोड्या दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, आपोआप ओसरते. त्यात कोणी विश्वासाचा माणूस आला, त्याने हलकेच पाय टेकवला, 'उतरेल आता' म्हणाला, आणि भीतीने ताठलेला माणूस उठून दोन पावले चालला, तर ते चालणे हेच औषध. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. त्याच संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकाळच्या कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शिका काढली तिच्यात व्यायाम, रोग्याला समजावून सांगणे यांच्याबरोबर मालिशीलाही जागा आहे. मात्र मालिशीचा पुरावा दुबळा आहे आणि गुण बहुधा थोड्या काळापुरता असतो, हेही अभ्यासकांनी म्हटलेले आहे. हे तालमीत सांगितले तेव्हा वस्ताद म्हणाले, "म्हणून तर रोज करायची."

आता माझी चूक.

दोन वर्षांपूर्वी पौषात मामाकडे गेलो होतो. कांद्याची लागण चालू होती. दिवसभर ओणवे राहून वाफ्यात रोपे खोचायची, हे काम करून पाहिल्याशिवाय कळत नाही. मजूर कमी पडले म्हणून मामा स्वतः उतरले आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खाटेवर आडवे झाले. कमरेपासून डावा नितंब, मांडी, पोटरी, थेट अंगठ्यापर्यंत कळ. "भाच्या, तुझी तालीम काय कामाची? बघ जरा," म्हणाले. मला स्फुरण चढले. पिरिफॉर्मिसविषयी मी तेव्हा नुकतेच वाचले होते. जे नवे वाचावे ते सगळीकडे दिसते. मी कोपर लावला. मामा ओरडले, ते मी 'गाठ सुटते आहे' असे समजलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी मामी म्हणाल्या, "यांचा पाय चालताना फटफट वाजतो रे." मी म्हणालो, "अशक्तपणा असेल, उद्या बरं वाटेल." त्यांनी ऐकले नाही. चौथ्या दिवशी जीप करून त्यांनीच मामांना नाशिकला आणले.

डॉक्टरांनी मामांना टाचांवर चालायला सांगितले. डावा चवडा उचललाच जाईना. चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली चकती सरकून नसेवर दाबली गेली होती. शस्त्रक्रिया करावी लागली. मी बाहेर डॉक्टरांना विचारले, हे माझ्या चोळण्याने झाले का? ते म्हणाले, चकती बहुतेक आधीच सरकली होती, तुझ्यावर ठपका ठेवता येणार नाही. पण पाऊल पडू लागल्यापासूनचे दिवस वाया गेले, ते मिळाले असते तर बरे झाले असते. चरकाने वातव्याधींमध्ये गृध्रसीचे वर्णन केले आहे. नितंबापासून कंबर, मांडी, गुडघा, पोटरी करीत पावलापर्यंत उतरणारी वेदना. मामांनी मला पहिल्या संध्याकाळी हाच क्रम बोटाने दाखवला होता. मी बोटाकडे पाहिले नाही, स्नायूकडे पाहिले.

तेव्हापासून तेलाच्या वाटीला हात लावण्याआधी मी विचारतो. कळ गुडघ्याखाली जाते का? पाय बधिर वाटतो का? टाचांवर आणि चवड्यांवर दहा पावले चालता येते का? पहिल्या दोन्हींना 'नाही' आणि चालण्याला 'हो' असेल तरच पुढे. कळ खाली जात असेल तर आधी डॉक्टर. पाऊल लुळे पडत असेल तर त्याच दिवशी. लघवी अडत असेल किंवा नकळत होत असेल, अथवा बैठकीची जागा बधिर झाली असेल, तर त्याच तासाला इस्पितळ. तेथे उशीर झाला तर ते नुकसान जन्मभर राहू शकते. रात्री झोपेतून उठवणारी कंबरदुखी, सोबत ताप किंवा वजन घटणे, पडल्यानंतरचे दुखणे, म्हाताऱ्या आजींची ठिसूळ हाडे, एकाच पोटरीला आलेली सूज: यांतले काहीही असेल तर मालिश नाही. गरोदर बाईची कंबर चोळायची तर तिच्या डॉक्टरांना विचारून. तालमीत पहिल्यांदा याची थट्टा झाली. 'डॉक्टरसाहेब' म्हणून हाका मारत. परंतु गेल्या श्रावणात एका पैलवानाला याच प्रश्नांवरून मी परत पाठवला, आणि त्याचा एक्स-रे पाहून आल्यानंतर वस्तादांनी नवीन पोरांना प्रश्न पाठ करायला लावले.

मामांचा पाय पुष्कळ सुधारला, पूर्ण नाही. डाव्या पायातली चप्पल चालताना सुटते, म्हणून त्यांनी तिला मागून पट्टा लावून घेतला आहे. या दिवाळीत पहिल्या अंघोळीला त्यांनी मलाच हाक मारली. मी म्हणालो, "मामा, आधी टाचांवर चालून दाखवा." ते हसले; अंगणातल्या रांगोळीला वळसा घालून तुळशीपर्यंत चालले आणि परत आले. उजवा चवडा नीट उचलला गेला, डावा निम्मा. मागच्या वेळेपेक्षा कमी नव्हता. मग मी तेल कोमट करायला ठेवले.